पिलबारा: समुद्रतळाच्या शिध्याचा माग

शनिवार, न्यूमन

पर्थहून न्यूमनला जाणाऱ्या विमानात आम्ही तिघं सोडून जवळपास सगळेच भडक केशरी शर्टांतले होते. लोहखाणींवर पाळीला निघालेली माणसं, पट्टा लावला की झोपली. मामा मात्र खिडकीला नाक लावून. कोल्हापूरच्या कॉलेजात उभा जन्म भूशास्त्र शिकवलेला माणूस निवृत्त होऊन भाचीकडे पर्थला येतो आणि ‘ऑपेरा हाउस राहू दे, पिलबारा दाखव’ म्हणतो, यात नवल कसलं! पिलबारा म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचा, फार जुन्या खडकांचा मुलूख. जुलैत तिकडचं ऊन सोसवतं. नवऱ्याला रजा मिळाली, फोर-व्हील गाडी भाड्यानं ठरवली, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट बांधून घेतलं आणि निघालो.

माझं जाण्याचं कारण मामांच्याहून थोडं वेगळं. मी माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. इथल्या गव्हाच्या पट्ट्यातली जमीन मूळची इतकी दरिद्री की सुपरफॉस्फेट टाकायला लागल्यावरच तिथे गहू धड पिकायला लागला. सांगलीकडे वडील ऊस लावायचे तेव्हापासून नत्र, स्फुरद, पालाश हे तीन शब्द कानांत बसलेत, आणि त्यातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोजण्यावर आता माझा पगार चालतो. त्यामुळे जीवसृष्टीच्या उगमाबद्दल काही वाचलं की एक गोष्ट खटकते. पहिला जीव कसा जन्मला यावर ढिगानं लिहिलेलं असतं. जन्मल्यावर तो जगला कशावर, हे मात्र दोन ओळींत उरकलेलं. अहो, शिधा कुठून आला?

स्फुरदाशिवाय डीएनए नाही, पेशीचं आवरण नाही, शरीराचं ऊर्जेचं चलन असलेलं एटीपी नाही. समुद्रातल्या प्लवकांच्या शरीरात कार्बनचे १०६ अणू असले तर नत्राचे १६ आणि स्फुरदाचा १, असं सरासरी प्रमाण पडतं. कार्बन आणि नत्र हवेत आहेत. स्फुरद हवेत नाही, ते खडकातूनच सुटावं लागतं. आज जमिनीवरचे खडक झिजतात आणि नद्या ते समुद्रात नेतात. पण साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी पाण्याबाहेर डोकं काढलेली जमीनच फार थोडी असावी, तेव्हा नद्यांवर भरवसा ठेवता येत नाही. मग राहतो समुद्राचा तळ आणि तिथले उकळत्याहून गरम पाण्याचे झरे, म्हणजे हायड्रोथर्मल व्हेंट. आजचे व्हेंट बघायचे तर पाणबुडी पाहिजे. तेव्हाचे बघायचे तर पिलबारात गाडीनं जाता येतं.

संध्याकाळी गावाशेजारची माउंट व्हेलबॅकची खाण लांबून पाहिली. पाच किलोमीटरहून लांब खड्डा. मामा म्हणाले, ‘हे सगळं लोखंड समुद्रातलं बरं का.’ नवरा म्हणाला, ‘मामा, सुरुवात उद्यापासून करा, आधी जेवू.’

रविवार, न्यूमन ते मार्बल बार

सुमारे तीनशे किलोमीटर, त्यातला बराच कच्चा रस्ता. लाल धूळ, आडव्या लहरी पडलेला मुरूम, दोन्ही बाजूंना स्पिनिफेक्स गवताचे काटेरी गोल झुपके आणि मधूनच पांढऱ्या बुंध्याचं एखादं झाड. नलाजीन नावाचं इवलंसं गाव लागलं, तिथे डिझेल भरून घेतलं. यापलीकडे सांगण्याजोगं म्हणजे मामांनी गाडी किती वेळा थांबवायला लावली, आणि तो आकडा न सांगितलेला बरा.

एक मात्र लक्षात आलं. उत्तरेला जाल तसा काळ मागे सरकतो. न्यूमनच्या आसपासचे खडक साधारण अडीचशे कोटी वर्षांचे, आणि मार्बल बारच्या परिसरातले साडेतीनशे कोटींच्या घरातले. आपला दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे हा त्याच्या पन्नासपटीहून जुना. शिवाय या भागातला खडक फारसा भाजला-चिरडला गेलेला नाही. इतका जुना आणि इतका धडधाकट खडक जगात आणखी एक-दोन ठिकाणीच मिळतो, त्यातलं एक दक्षिण आफ्रिकेत.

मार्बल बारला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गावात पत्र्यानं मढवलेलं आयर्नक्लॅड हॉटेल आहे, ते एकोणिसाव्या शतकातलं. ३१ ऑक्टोबर १९२३ ते ७ एप्रिल १९२४ असे सलग १६० दिवस इथला पारा रोज १०० अंश फॅरनहाइटला पोचला होता. गावकरी हे अभिमानानं सांगतात. आम्हाला रात्री स्वेटर लागले.

सोमवार, मार्बल बार

सकाळी सातलाच कूंगन नदीवर. हा न्यामल लोकांचा मुलूख. नदीला पूर असेल तेव्हा असेल, जुलैत फक्त डोह उरतात. त्या डोहाशी पात्राला आडवी एक खडकाची भिंत आली आहे. लाल, पांढरे, राखाडी-काळे पट्टे, जवळपास उभे उठलेले. सुरुवातीला आलेल्यांना तो संगमरवर वाटला आणि गावाला तेच नाव पडलं. आहे तो जास्पर, म्हणजे गारेच्या जातीचा सिलिका खडक, आणि त्याला लाली आणली आहे हेमेटाइट या लोहखनिजाच्या अगदी बारीक कणांनी. वय ३४६ कोटी वर्षं.

कोरडा खडक तसा मळकाच दिसतो. नवऱ्यानं बाटलीतलं पाणी वर ओतलं आणि पट्टे एकदम उठले. रक्तासारखा लाल म्हणायचा मोह होतो, पण नाही, तो जरा विटकरीकडे झुकतो. एकेक पट्टा बोटभर, त्यात केसाइतक्या रेघा, आणि कुठे कुठे पांढऱ्या क्वार्ट्झची शीर तिरपी घुसलेली. भिंग लावून पाहिलं तर लाल पट्टाही एकसंध नाही, ठिपक्या-ठिपक्यांचा आहे. दोन मिनिटांत पाणी सुकलं आणि सगळं पुन्हा मळकं. मामांनी अख्खी बाटली संपवली. इथला तुकडा उचलायला मनाई आहे आणि तशी पाटीही आहे, त्यामुळे हात नुसते फिरवायचे.

जवळच बेसाल्ट आहे, आणि तो पाहून मी थबकले. आपल्याकडे घाटात जो बेसाल्ट दिसतो तो पायऱ्या-पायऱ्यांचा, जमिनीवर पसरलेला. हा गोलसर, फुगीर, एकावर एक रचलेला, गोदामात गव्हाची पोती थप्पीला लावावीत तसा. लाव्हा पाण्यात बाहेर पडला की वरची साल झटकन गोठते, आतला रस ती फोडून पुढे येतो, त्याचीही साल गोठते, आणि असे गोळे साचत जातात. भूशास्त्रात यांना पिलो लाव्हा म्हणतात. गोळ्यांची बाहेरची कड काचेसारखी गोठलेली असते, ती आज हिरवट झालेली दिसते.

‘म्हणजे आपण आत्ता समुद्राच्या तळावर उभे आहोत,’ मामा म्हणाले. ‘शंकाच नको.’

डोहाच्या काठी दशम्या सोडल्या आणि विषय निघाला. समुद्राचं पाणी तळाच्या भेगांतून खाली मुरतं. खाली तापलेला खडक असतो. पाणी साडेतीनशे-चारशे अंशांपर्यंत तापतं, पण वर दोन-तीन किलोमीटर पाण्याचा दाब असल्यामुळे उकळून वाफ होत नाही. इतकं तापलेलं पाणी खडकातून लोखंड, मँगनीज, जस्त, तांबं धुऊन घेतं आणि दुसऱ्या भेगेतून जोरात वर येतं. बाहेर जेमतेम दोन अंशांचं पाणी. दोन्ही भेटले की धातूंचे सल्फाइड काळ्या धुरासारखे बाहेर पडतात. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ ॲल्विन पाणबुडीतून लोकांनी समुद्रतळावरचे असे झरे आणि त्यांच्याभोवतीची जीवसृष्टी पहिल्यांदा पाहिली. १९७९ मध्ये पूर्व पॅसिफिकमध्ये काळा धूर ओकणारी धुराडी सापडली.

आता खरी गंमत. वर आलेलं गरम पाणी शे-दोनशे मीटर चढतं आणि मग आडवं पसरतं. आजच्या समुद्रात विरघळलेला ऑक्सिजन आहे, त्यामुळे त्या लोटातलं लोखंड गंजतं. हा गंज भोवतालच्या पाण्यातलं स्फुरद चिकटवून घेतो आणि तळाला बसतो. माझ्या रोजच्या कामात हे वेगळ्या रूपात दिसतं: लोहयुक्त तांबड्या जमिनीत कितीही खत घाला, ते धरून ठेवलं जातं, पिकाला मिळत नाही. म्हणजे आजचे व्हेंट समुद्राला लोखंड देतात (दक्षिण पूर्व पॅसिफिकमधल्या झऱ्यांचं लोखंड चार हजार किलोमीटरहून लांब गेलेलं २०१५ मध्ये दाखवलं गेलं), पण स्फुरदाच्या बाबतीत ते देणारे नाहीत, घेणारे आहेत.

‘मग तुझा शिधा बोंबलला की,’ नवरा म्हणाला.

बोंबलला नाही. तेव्हाच्या समुद्रात ऑक्सिजन नव्हता. सिलिका मात्र ठासून भरलेली होती, कारण सिलिकाची कवचं करणारे जीव अजून आलेच नव्हते. अशा पाण्यात व्हेंटचं लोखंड गंजण्याऐवजी सिलिकाशी जुळून ग्रीनालाइट नावाचं हिरवट खनिज बनवतं. बिर्गर रासमुसेन आणि जेनेट म्यूलिंग या पर्थच्याच संशोधकांनी इथले जास्पर आणि पिलबारातले इतर लोहखडक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा गारेत बंदिस्त झालेले ग्रीनालाइटचे नॅनो आकाराचे कण सापडले. २०२१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. त्या कणांच्या सोबतीला ॲपेटाइटचेही नॅनोकण आहेत. ॲपेटाइट म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे खताच्या कारखान्यात जाणारं रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरद! त्यांनी तपासलेले खडक ३४६ कोटी ते २४६ कोटी वर्षांपूर्वीचे, पैकी सगळ्यात जुने या जास्परच्या काळातले.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. बेसाल्टमध्ये स्फुरद थोडं असतं, पण असतं. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात व्हेंटच्या गरम पाण्यानं ते विरघळवून घेतलं, बाहेर थंड समुद्रात आल्यावर त्याचं ॲपेटाइट झालं, आणि लोटाबरोबर ते कण दूरवर पसरले. म्हणजे ज्या धुराड्यांनी आज स्फुरद ओढून घ्यावं, त्याच जातीच्या धुराड्यांनी तेव्हा ते वाटलं.

मामांचा आक्षेप तयारच होता. ‘अगं, पण लाल रंग कशाचा? हेमेटाइट. हेमेटाइट म्हणजे गंज. गंज आहे म्हणजे ऑक्सिजन होता.’

हा वाद खराच झालेला आहे, आणि याच खडकावर. २००३ मध्ये इथे खोल भोक पाडून गाभा काढला गेला. २००९ मध्ये एका जपानी-अमेरिकी गटानं त्यातलं हेमेटाइट मूळचंच आहे असं म्हणून ३४६ कोटी वर्षांपूर्वी खोल पाण्यात ऑक्सिजन असल्याचा दावा केला. २०१४ मध्ये रासमुसेन आणि मंडळींनी दाखवलं की हेमेटाइट आधीच्या लोहखनिजांना खाऊन नंतर तयार झालंय, मूळचा गाळ हिरवट होता. मला दुसरी बाजू पटते. मामांना अजून नाही. ‘नंतर म्हणजे कधी, ते सांग,’ असं म्हणून त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, आणि प्रश्न काही वाईट नाही.

रात्री हॉटेलच्या अंगणात गोव्याचा विषय निघाला. मामांचा एक विद्यार्थी वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राबद्दल त्यांना काहीबाही पाठवत असतो. या केंद्रानं आणि चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं मिळून डिसेंबर २०२४ मध्ये हिंदी महासागरात साडेचार हजार मीटर खोलीवरच्या जिवंत व्हेंटचं छायाचित्र मिळवलं. तो फोटो मामांनी फोनवर साठवून ठेवला आहे. शेजारच्या टेबलावरच्या ट्रक ड्रायव्हरलाही त्यांनी तो दाखवला. तो म्हणाला, ‘माइट, दॅट्स अ चिमनी.’

मंगळवार, पोर्ट हेडलंडकडे

मनातून नॉर्थ पोलला जायचं होतं. पिलबाराच्या भट्टीत या ठिकाणाला उत्तर ध्रुव नाव देणारा माणूस विनोदी असणार. मार्बल बारच्या पश्चिमेला ड्रेसर नावाचे ३४८ कोटी वर्षांचे थर आहेत. १९८० मध्ये तिथे स्ट्रोमॅटोलाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. सूक्ष्मजीवांनी एकावर एक थर देत बांधलेले हे ढिगारे म्हणजे जीवसृष्टीच्या सगळ्यात जुन्या खुणांपैकी एक. पण जाणं सोपं नाही, महत्त्वाच्या जागा राखीव आहेत, आणि हौशी लोकांनी तिथे हातोडे घेऊन न जाणंच बरं. आम्ही गेलो नाही.

तरी गाडीत बोलणं त्याचंच. ड्रेसरच्या थरांना खालून काळ्या गारेच्या आणि बराइट या खनिजाच्या शिरा भेदून जातात. ती गरम पाण्याची नळं आहेत, आणि जीवांचे थर त्यांच्या तोंडाशीच आहेत. तिथलं काही पाणी उथळ, काही तर जमिनीवरच्या गरम झऱ्यांचं असावं: २०१७ मध्ये तिथून गायझराइट, म्हणजे उष्ण फवाऱ्याच्या काठी साचणारी सिलिका, ओळखली गेली. जीव जन्मला कुठे, डार्विननं म्हटलेल्या उबदार डबक्यात की खोल समुद्रातल्या धुराड्यात, या भांडणात दोन्ही पक्ष पिलबाराचाच दाखला देतात. मला हे भांडण थोडं नवरा-बायकोचं वाटतं. जन्म कुठेही होवो, घर चालवायला स्फुरद, लोखंड, निकेल लागणारच.

याच भागात सल्फर स्प्रिंग्ज नावाचा जस्त-तांब्याचा साठा आहे, ३२४ कोटी वर्षांपूर्वीच्या व्हेंटनं समुद्रतळावर घातलेला. त्यातून २००० मध्ये रासमुसेननी बारीक धाग्यांच्या आकाराचे सूक्ष्मजीवाश्म वर्णन केले. सूर्यप्रकाश न पोचणाऱ्या गरम जागी राहणारी मंडळी. शिधावाटपाच्या खिडकीलाच मुक्काम ठोकलेला म्हणायचा.

दुपारी पोर्ट हेडलंड. फाटकाशी गाडी थांबली आणि लोहमातीची मालगाडी सुरू झाली. डबे मोजायचं मी ठरवलं होतं, शंभराच्या पुढे नाद सोडला. अडीच किलोमीटरहून लांब गाड्या इथे रोजच्या आहेत. २१ जून २००१ ला तर ६८२ वाघिणींची, सात किलोमीटरहून लांब गाडी याच मार्गावर धावली होती. बंदरात बोटी रांगेत उभ्या. समुद्रातून आलेलं लोखंड समुद्रमार्गेच चाललेलं, यावर मामांनी काहीतरी तात्त्विक बोलायला सुरुवात केली तेवढ्यात जेवण आलं.

बुधवार, करिजिनी

ग्रेट नॉर्दर्न हायवेनं दक्षिणेला. रोड ट्रेन म्हणजे तीन-चार ट्रेलर ओढणारा, साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब ट्रक. त्याला ओव्हरटेक करताना मी डोळे मिटते आणि मामा विष्णुसहस्रनाम म्हणतात. हॅमर्सलीची रांग दुपारी दिसायला लागली, जांभळट-तांबडी, माथे सपाट. वाटेत विटनूमबद्दलचे धोक्याचे फलक. निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण तिथे १९६६ पर्यंत चालली, कामगार आणि त्यांची मुलंबाळं पुढे कित्येक वर्षं मरत राहिली, आणि २००७ मध्ये गावाचं नाव सरकारी नोंदीतून काढलं गेलं. त्याबद्दल बोलावंसं वाटलं नाही कुणाला. संध्याकाळी तंबू.

गुरुवार, डेल्स गॉर्ज

पहाटे थंडीनं बोटं वाकत नव्हती. सूर्य घळीत उतरायला वेळ लागतो, त्यामुळे फोर्टेस्क्यू धबधब्याच्या पायऱ्या उतरताना खाली निळसर सावली आणि वरच्या कड्याला आग लागलेली. हा बन्जिमा लोकांचा मुलूख. वरच्या फर्न पूलपाशी आवाज करू नका, पाण्यात हळू उतरा, अशी त्यांची विनंती लिहिलेली आहे. आम्ही पाळली. मामांनी फक्त पाय बुडवले.

कडे पाहताना मान दुखते. लाल, काळा, लाल, काळा, मध्ये गेरूचा, पुन्हा काळा, असे हजारो आडवे पट्टे, एका रेषेत, घळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे पट्टेदार लोहखडक, वय जवळपास २४८ कोटी वर्षं. अर्ध्या विटेएवढा तुकडा उचलला आणि हाताला झटका बसला, अंदाजापेक्षा फारच जड. डेल्स गॉर्जच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या थरांत १७ जाड पट्टे लोहखडकाचे आणि त्यांच्यामध्ये १६ मऊ शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकाचे. मऊ थर पावसानं खाऊन आत गेलेत, कठीण थर पुढे आलेत, त्यामुळे कड्याला आपोआप कट्टे पडले आहेत. शेलमधल्या ज्वालामुखी राखेत झिर्कॉन या खनिजाचे कण मिळतात, त्यावरून वय काढलं जातं. बारीकातली बारीक रेघ मिलिमीटरच्या आसपास. ॲलेक ट्रेंडल या भूशास्त्रज्ञानं अशा रेघा म्हणजे वर्षावर्षाचे थर असावेत असं सुचवलं होतं. एका ठिकाणी दोन पट्ट्यांच्या मध्ये निळसर तंतूंची बारीक शीर होती. तिला हात लावायचा नाही, हे कालच्या फलकांनी शिकवलं होतं.

हे लोखंडही व्हेंटचंच, याचा एक पुरावा मला आवडतो. या खडकांत युरोपियम नावाचं दुर्मिळ मूलद्रव्य शेजाऱ्यांच्या मानानं जास्त भरतं. फार गरम पाण्यात युरोपियम इतरांपेक्षा सहज सुटतं. नदीच्या पाण्याची ही सही नसते.

आणि इथेच उपासमारीचा सिद्धांत जन्मला. २००२ मध्ये बियेरुम आणि कॅनफिल्ड यांनी अशाच लोहखडकांतलं स्फुरद मोजलं. ते फार कमी भरलं. त्यांचा तर्क असा: लोखंडाचा गंज स्फुरद धरून बसला की समुद्रात उरलं अगदी थोडं, म्हणून सूक्ष्मजीव वाढले नाहीत, म्हणून ऑक्सिजनही रखडला. २००७ मध्ये कोनहाउझर आणि सहकाऱ्यांनी विचारलं, असा दुष्काळ खरंच होता का? सिलिका भरपूर असली तर ती गंजावरच्या जागा आधी अडवते आणि स्फुरदाला चिकटायला वाव कमी मिळतो. म्हणजे खडकात स्फुरद कमी सापडलं यावरून समुद्रात ते कमी होतं असं म्हणता येत नाही. मातीच्या प्रयोगशाळेतल्या कुणालाही हे लगेच कळेल. तांबड्या जमिनीत सिलिकेट घातलं की अडकलेलं स्फुरद थोडं मोकळं होतं, हे शेतीशास्त्रात जुनंच आहे. आणि मग २०२१ चा तिसरा पवित्रा, की मुळात गंज पडतच नव्हता, ग्रीनालाइट पडत होतं, आणि स्फुरद त्याच लोटातून येत होतं. एकच खडक, वीस वर्षांत दुष्काळाच्या साक्षीदाराचा कोठीवाला झाला.

मामा एका कट्ट्यावर बसून ऐकत होते. ‘आम्ही काय शिकवलं? सायनोबॅक्टेरियानं ऑक्सिजन सोडला, लोखंड गंजलं, खाली बसलं, पट्टे तयार झाले. फळ्यावर चित्र काढायचो मी, एका बाजूला हिरवं, एका बाजूला लाल.’

‘ते पूर्ण चुकीचं ठरलेलं नाही, मामा. अजून दोन्ही बाजू आहेत.’

‘आहेत ना? मग ठीक.’

निकेलचं मी त्यांना मुद्दाम शेवटी सांगितलं, कारण ती गोष्ट मामांच्या बाजूनं जाते. मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या कळीच्या विकरात (एन्झाइममध्ये) निकेल असतं. पृथ्वी तरुण असताना कोमॅटिआइट नावाचा फार तापलेला लाव्हा वर यायचा, त्यात निकेल भरपूर. प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा तापलेला थर, थंडावलं तसे हे लाव्हे आटले. २००९ मध्ये कोनहाउझर आणि मंडळींनी दाखवलं की लोहखडकांतलं निकेल सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीपासून घसरत जातं. मिथेनवाल्यांचा शिधा तुटला, आणि त्यांनी अडवलेली जागा ऑक्सिजनवाल्यांना मोकळी झाली. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन टिकायला लागला. डेल्स गॉर्जचे थर त्या उंबऱ्याच्या जरासे आधीचे. पृथ्वीच्या पोटातली आंच कमी झाल्यानं वरची हवा बदलली असेल, तर कुठला सायनोबॅक्टेरिया आणि कुठला लाव्हा! मामा खूश झाले. फळ्यावरच्या चित्राला आता खाली एक ज्वालामुखी जोडायचा, एवढंच, म्हणाले.

संध्याकाळी तंबूपाशी एक डिंगो येऊन मेतकुटाचा वास घेऊन गेला. त्याला आवडला नसावा.

शुक्रवार, परत न्यूमन

विमान दुपारचं. वाटेत माझ्या डोक्यात राहिलेली शंका मी बोलून टाकली. ॲपेटाइट समुद्रात आलं, कबूल. पण ते खाता येतं का? रॉक फॉस्फेट तसंच शेतात टाकलं तर आमच्या सांगलीकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते वर्षानुवर्षं पडून राहतं. कोकणातल्या आम्ल जांभ्या जमिनीत मात्र तेच हळूहळू सुटतं आणि भाताला मिळतं. म्हणून तर कारखान्यात त्यावर सल्फ्युरिक आम्ल ओतून सुपरफॉस्फेट करतात. तेव्हाच्या समुद्राचं काय? हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर, त्यामुळे समुद्राचा सामू (पीएच) आजच्या आठाच्या जागी साडेसहा-सातच्या आसपास असावा, असं अलीकडची गणितं सांगतात. म्हणजे कारवार-कोकणाच्या बाजूचा, सांगलीच्या नव्हे. शिवाय कण नॅनो आकाराचे, त्यांची विरघळायला तयार असलेली पृष्ठभागाची जागा प्रचंड. माझा कौल ‘बरंचसं मिळत असावं’ याला. संशोधनाच्या दृष्टीनं याला काही किंमत नाही, पण माती तपासून पोट भरणाऱ्या बाईचं मत म्हणून घ्यावं.

मामांनी मार्बल बारच्या दुकानातून जास्परचा मुठीएवढा तुकडा विकत घेतला होता. मी म्हटलं, द्या, प्रयोगशाळेत दळून कॉलवेल चाचणी, म्हणजे बायकार्बोनेटच्या द्रावणानं स्फुरद काढायची आमची नेहमीची चाचणी, लावते, बघू उपलब्ध स्फुरद किती येतं.

‘बायकार्बोनेटमध्ये ॲपेटाइट सुटतंय होय गं? शून्य येईल,’ मामा म्हणाले. ‘दोन टक्के सायट्रिक ॲसिड घे.’

‘घेते. द्या तुकडा.’

‘दळायला? वेडी का काय तू!’ म्हणून त्यांनी तो कानटोपीत गुंडाळून हँडबॅगच्या तळाशी घातला. सुरक्षा तपासणीत तो बाहेर काढावा लागलाच. तपासणारा मुलगा खाणीवरून इकडे बदलून आलेला निघाला. त्यानं तुकडा हातात तोलला, ‘मार्बल बार?’ असं विचारलं आणि मामांनी रांग अडवून त्याला ग्रीनालाइटपासून सुरुवात केली.